काकूंनी शोधून काढलेला माझा मावसभाऊ

"कोणाकडे?"

तळमजल्यावरचं दार सताड उघडं टाकून काकू विळीवर भाजी चिरत बसलेल्या असत आणि मान वर न करता हे विचारत. माणूस हिंदीवाला वाटला तर "किसके यहाँ?", गुजराती वाटला तर "कोने त्यां?". उत्तर दिल्याशिवाय जिना चढता येत नसे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भाईंदर पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला, आमची चार मजली बिल्डिंग नुकतीच उभी राहिली होती. शेजाऱ्याचं आडनाव आम्हाला दारावरच्या पाटीवरून कळायचं. सकाळी सगळे कामाला जात आणि आसपासच्या बिल्डिंगांत दिवसाढवळ्या कुलुपं फुटत. मी राहायला आलो त्याच आठवड्यात काकूंनी माझं गाव, पगार, आजोळ, मावशी-आत्या, एवढंच काय, लग्न का जमत नाही हेही काढून घेतलं. मला त्यांचा भारी राग यायचा. तुमच्या बिल्डिंगमध्ये अशी एखादी बाई असेल तर तो राग तुम्हालाही माहीत असेल.

एका शनिवारी हाफ डे करून आलो, तर काकूंच्या घरात एक अनोळखी माणूस जेवत होता. शेजारी माझी निळी बॅग, गच्च भरलेली.

"आलास? बरं झालं," काकू म्हणाल्या. "तुझा मावसभाऊ आलाय. निघालाच होता, पण म्हटलं उपाशी कसा जाऊ देऊ?"

मावसभावाचा हात ताटातच थांबला. मला एकच मावशी आणि तिला तिन्ही मुलीच. काकूंना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी बोलायला तोंड उघडलं.

"आधी हात धू. दोघं भाऊ एकत्र जेवा."

का कोण जाणे, मी बसलो. तोवर काकूंनी त्याचीही सगळी माहिती काढली होती. गाव संगमेश्वरकडचं. आई नालासोपाऱ्यात, तिचे गुडघे धरलेले. कारखान्याला टाळं लागून सात महिने झालेले.

"आईला काय सांगितलंयस, काय काम करतोस?"

"फिरतीचं," तो खाली बघत म्हणाला.

"खोटं नाही मग," म्हणत काकूंनी त्याला आणखी भात वाढला.

हात धुऊन त्याने बॅग उचलली. "काकू, मी जरा वर जाऊन येतो."

"काही विसरलास?"

"ठेवायचं राहिलंय."

मी मागोमाग गेलो. त्याने माझा मिक्सर ओट्यावर ठेवला, लग्नासाठी शिवलेला सूट कपाटात टांगला आणि विचारलं, "इस्त्री इथेच होती ना?" मी मान डोलावली. जाताना उचकटलेल्या कोयंड्याकडे बघून तो खजील झाला.

तो गेल्यावर मी काकूंवर भडकलो. चौकीत जातो म्हणालो.

"जा. माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "पण आता मला त्याचं गाव ठाऊक, आईचं दुखणं ठाऊक. आणि त्यालाही ते ठाऊक आहे. तो इथे परत चोरी करेल असं वाटतं तुला?"

मी गेलो नाही. त्या रात्री मात्र दाराला ट्रंक लावून झोपलो.

पुढच्या रविवारी तो खरंच परत आला. हातात नवा कोयंडा आणि स्क्रू ड्रायव्हर. माझं दार नीट करून झाल्यावर समोरच्या दाराकडे बघून म्हणाला, "ही कडी एका धक्क्यात उघडेल हं." संध्याकाळपर्यंत त्याने निम्म्या बिल्डिंगच्या कड्या बदलल्या. सेक्रेटरी तेवढे अडून बसले. चोराचा सल्ला आपण घेणार नाही म्हणाले. महिन्याभराने त्यांचंच घर फुटलं. त्यांनी संशय कोणावर घेतला हे सांगायला नको. काकूंनी त्यांना शांतपणे सांगितलं की त्या दिवशी तो आईला घेऊन काकूंच्याच घरी बसला होता, गुडघ्यांना तेल कुठलं लावायचं ते विचारायला. आईही चांगली बोलकी निघाली. सेक्रेटरींना नाइलाजाने कडी बदलून घ्यावी लागली, त्याच्याकडूनच.

काही वर्षांनी काकूंनी ब्लॉक विकला आणि त्या पुण्याला मुलीकडे निघाल्या. तो तोवर शटर बसवणाऱ्या एका दुकानात लागला होता. सुट्टी टाकून सामान चढवायला आला आणि पोचवायलाही निघाला. टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी आधी काकू बसल्या, दाराकडच्या बाजूला तो. काकूंच्या मांडीवर लोणच्याची बरणी होती, ती दोन्ही हातांनी धरलेली. त्यामुळे दागिन्यांचा डबा त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवला होता.

"झाकण सैल आहे रे," त्या म्हणाल्या. "घट्ट धर."

त्याने डबा पोटाशी धरला आणि टेम्पो निघाला.