माकडाचं गाणं आणि तीन मशीनं

किस्से साठतात कसे? ऐकणारं कुणी नसलं की! जव्हारला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक कमी, जुनी मशीनं जास्त. बसा, चहा सांगतो.

*

मी आणि जान्या एकाच पाड्यावरचे. कॉम्प्युटर क्लासच्या मशीनवर आम्ही माकड पळवायचा गेम खेळायचो. त्या डब्याला नुसता बीप करणारा स्पीकर. गेमचं गाणं वाजायचं ते एका वेळी एकच सूर, तोही पिपाणीसारखा. सर बाहेरून ओरडले, "अरे, काय झालं मशीनला? बंद करा आधी!"

*

मग जान्याच्या मामानं ठाण्याहून टीव्हीवर खेळायचा गेम आणला. तेच माकड, तेच गाणं, पण तीन सूर एकदम आणि खाली ताशासारखी खरखर. जान्याची कॉलर ताठ! "तुझ्या डब्यात एकटाच गातो, माझ्याकडं आख्खी मंडळी!"

मी म्हटलं, "एकट्यानं गायला दम लागतो!" आठ दिवस अबोला.

*

पुढं मी माझ्या स्वतःच्या मशीनला आवाज सुधारायचं साउंड कार्ड घातलं. त्याच गाण्यात बासरी, ढोल, सगळं आलं! जान्यानं तोंड वाकडं केलं. "लग्नाचा बँड लावलास रं. आपला गाणा कठं गेला?"

*

कान मात्र होता हं त्याला! डोळ्यांवर टॉवेल बांधून गाणं लावलं तरी पहिल्या सुरात मशीन ओळखायचा. एकदा म्हणाला, "टीव्हीवाला. आणि कॅसेट फुंकून लावली नाहीस." खरंच नव्हती फुंकली!

*

जान्या टीव्हीवाला गेम माझ्याकडं ठेवून भिवंडीला कामाला गेला आणि भांडायला कुणी उरलं नाही. मध्यंतरी मोखाड्याचे एक गुरुजी प्रिंटर घेऊन आले. त्यांना धरून बसवलं, तिन्ही गाणी ऐकवली. अगदी मन लावून ऐकली त्यांनी. मग म्हणाले, "छान. प्रिंटर कधी मिळेल?" खोटं कशाला सांगू, त्या दिवशी फार एकटं वाटलं.

*

यंदा होळीला जान्या आला. सोळा वर्षं पत्रा ठोकायच्या कारखान्यात काढलेली. फोन कधी उचलायचा नाही, नुसता अंगठा पाठवायचा. बायको त्याच्या कानाशी ओरडून बोलत होती. मला वाटलं, भांडतायत.

मी तिन्ही मशीनं मांडून ठेवली होती. पहिलं लावलं. "भारी!" दुसरं लावलं. "भारी!" वाद नाही, काही नाही. मला रागच आला. एवढी वर्षं वाट बघितली ती यासाठी?

तिसऱ्या पडद्यावर माकड धावायला लागलं. जान्या मान डोलवायला लागला. "हाच रं! एकदम हाच!"

स्पीकरची पिन अजून माझ्या हातातच होती, मशीनला लावलीच नव्हती.

दारातून वैनी माझ्याकडं बघत होत्या. मी पिन मुठीत धरली, जान्याच्या कानाशी गेलो आणि ओरडलो, "मग! मी काय सांगत होतो?"

"हळू बोल ना," जान्या म्हणाला, "ऐकू दे."