अमेरिकेला निघालेल्या मुलीचा पहिला नवरा

त्या मुलीचं प्रकरण कागदावर लवकरच बंद झालं, माझ्या डोक्यात मात्र ते अजून उघडंच आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एटापल्लीच्या जंगलात मुक्काम केले. त्यातलं बरंचसं आता विसरलो. ही मुलगी आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही, उठून अंगणात फेऱ्या माराव्या लागतात.

तेव्हा मी नागभीडकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मूळचा नाशिकचा, बदलीवर नवाच आलेलो. दिवाळी होऊन गेली होती, धानाची कापणी चालू होती. सकाळची हजेरी आटोपली की टपाल टेबलावर यायचं. त्यात पासपोर्ट कार्यालयाकडून आलेली एक पडताळणी होती. गावात शिवणकाम करणाऱ्या एका विधवा बाईची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न भद्रावतीच्या खाण-वसाहतीतल्या मुलाशी झालं होतं. मुलगा अमेरिकेत नोकरीला, तिथला नागरिक झालेला. लग्न करून तो परत गेला आणि बायकोला तिकडे नेण्यासाठी त्याने अर्ज केला. तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत दोघांचा संसार फोनवरच चालला होता. आता कुठे मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळाली होती. त्या दिवशी तिच्या हातात पोलीस दाखला असायलाच हवा होता, आणि आमचा अहवाल गेल्याशिवाय तो निघणार नव्हता.

काम किरकोळ होतं. पण त्याच टपालातून एक निनावी पाकीट निघालं. आत एक फोटो आणि एकच ओळ: या मुलीचं लग्न आधीच झालेलं आहे, तिला जाऊ देऊ नका. फोटोत तीच मुलगी होती. मुंडावळ्या, हिरवा शालू, गळ्यात हार. शेजारी फेटेवाला, झुबकेदार मिशांचा नवरा तिच्या गळ्यात मंगळसूत्र बांधत होता.

निनावी अर्ज आम्ही फारसे मनावर घेत नसू. निम्मे तर भाऊबंदकीतून आलेले असतात. पण पहिलं लग्न कायम असताना दुसरं केलं तर तो गुन्हा, आणि फोटो समोर असताना 'प्रतिकूल काही नाही' असं लिहायला माझा हात धजेना. मुलीच्या अब्रूचा प्रश्न म्हणून फोटो कोणाला दाखवला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. सोबत तिचे थोरले दीर, इकडच्या बोलीत भासरे, भद्रावतीहून आले होते. घरच्या माणसासमोर कोणी खरं बोलत नाही, म्हणून त्यांना बाहेर बाकावर बसवलं. एक महिला शिपाई दाराशी उभी केली आणि फोटो मुलीपुढे सरकवला.

तिने तो उचलला. वरची कड बोटाने चाचपली आणि परत ठेवला.

"हा कोण?" मी विचारलं.

तिने तो पालथा करून माझ्याकडे सरकवला.

"हे बघ, तुझी मुलाखत तोंडावर आलीय. हा माणूस कोण, एवढंच सांग."

"मले काही नाई बोलाचं, सायेब."

"मग मला वाईट अहवाल लिहावा लागेल. तुझं जाणं राहील."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "तुमाले जे लिहाचं ते लिहा."

मी मुळात घाईचा माणूस. समोरचा खोटं बोलला, रडला, भांडला तरी चालतं, त्याला पकडता येतं. गप्प बसणाऱ्याचं काय करायचं? ती गेल्यावर मी कितीतरी वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत बसलो. संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा अमेरिकेहून फोन आला. "सर, अडचन काय हाये ते तं सांगा. ही तारीख गेली का पुढची कवा भेटन, काही भरोसा नाई. मी इथी येड्यासारखा करून राह्यलो." मला त्याची कीव आली, आणि सांगता काहीच येत नव्हतं म्हणून त्याचाच रागही आला.

शेवटी त्या महिला शिपाई बाईंना आत बोलावलं. म्हटलं, "ही गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही. या माणसाला शोधून आणायचं आहे."

त्यांनी फोटो पाहिला आणि तोंडाला रुमाल लावला. "सायेब, हा मानूस तं मंडईच्या दिवशी आमच्या गावात मेला."

"मेला? कसा?"

"तिसऱ्या अंकात. विष घेऊन."

आमच्याकडे नाटक म्हणजे नाट्यगृह आणि तिकीट. इकडे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, मंडप पडतात आणि रात्रभर नाटकं चालतात, हे मी ऐकून होतो, पाहिलं एकही नव्हतं. मला हसू आलं आणि स्वतःची लाजही वाटली.

जीप काढून वडसा गाठलं. तिथे नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत. आमचे फरार नवरोबा भरदुपारी सतरंजीवर घोरत पडले होते. वर्दी पाहून बिचारा दचकून उठला. फोटो बघितल्यावर मात्र खुलला.

"सीझन लागला का माह्यं रोजच लगन लागते, सायेब! एका गावात लगन, दुसऱ्या गावात मरन."

तोच फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता, पण पूर्ण. दोघांच्या डोक्यावर लोंबकळणारा माइक त्यात स्पष्ट दिसत होता. माझ्याकडच्या फोटोची वरची पट्टी कोणीतरी सफाईने कापली होती.

"याची छापील प्रत कोणाकडे असेल?"

"एकच छापली होती. हे पोरगी तवा आमची हिरोईन होती, तिच्या मायनं मागून नेली. ते माय हरेक नाटकाले संगं राहे. विंगेत बसून आमचे कपडे सांधे."

परतताना ठाण्यात न जाता थेट त्या मायलेकींच्या घरी उतरलो. मुलगी नव्हती. आई मशीनवर बसली होती. मी फोटो काढला आणि तिने पाय थांबवला.

"चा मांडू का?" तिने विचारलं. मी नको म्हटलं.

"वरून का कापला, बाई?"

"पूरा देल्ला असता तं तुम्ही हासून फेकून देल्ला असता." मग एकदम सगळं बाहेर आलं. "पोरगी वाईट नाई, सायेब. जवाईही चांगला हाये. पन तो रोज फोनवर तिले घर दाखवते, रस्ता दाखवते, अन् मी बाजूले बसून आयकते. तिचा बाप गेला तवापासून आमी दोघीच. नाटकाच्या गाडीत एका चादरीत झोपलो. आता मी कोनासंगं बोलू?"

"म्हणून मुलीच्या संसारात बिब्बा घातलात?" माझा आवाज चढला होता. "तिला कायमची बंदी झाली असती तर?"

"बंदी नोको." तिने हात जोडले. "रिपोर्ट चांगलाच लिवा. पन जरा उशिरा लिवा. एवढा एक सीझन तिले इथी राहू द्या. अन् तिले सांगू नका, मी केलं म्हनून. थे माह्याशी बोलनार नाई."

मी फोटो खिशात घातला. सांगणार नाही असा शब्द दिला आणि निघालो. उशीर मात्र केला नाही. त्याच दिवशी 'अर्जात तथ्य नाही' असा अहवाल लिहून पाठवला.

मुंबईला निघायच्या दिवशी मुलगी ठाण्यात आली. बाहेर ऑटोत तिची आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मुलीने पेढे ठेवले आणि विचारलं, "सायेब, अर्ज कोनं केला, पत्ता लागला का?"

"निनावी होता. नाही लागला."

ती हलकंसं हसली. "मले तं तवाच समजलं होतं. असा फोटो आमच्याच पेटीत होता."

"मग बोलली का नाहीस? नाटक आहे म्हणाली असतीस तर तिथेच मिटलं असतं!"

"तुम्ही विचारलं असतं, फोटो कोनापाशी होता. मंग माय ठाण्यात आली असती, भासऱ्यांच्या समोर." तिने दाराकडे पाहिलं. "मायले सांगू नका, मले मालूम हाये म्हनून. थे जीव देईन."

मी मुलीलाही शब्द दिला.

गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतो, हे आम्ही पोलीस धरून चालतो, आणि ते खोटं नाही. तो कोणासाठी लपवतो, हे विचारायची सवय मला त्या मुलीने लावली. पुढे अनेक चौकशांत त्या सवयीचा उपयोग झाला.

मुलगी गेली. माझी बदली होईपर्यंत तिची आई बाजारात अधूनमधून भेटायची. जवळ यायची, इकडेतिकडे बघायची आणि हळूच विचारायची, "तिले समजलं तं नाई ना, सायेब?" मी 'नाही' म्हणायचो. तिला बरं वाटायचं, ती भाजीची पिशवी सावरून निघून जायची. आणि मी दर वेळी तिथेच उभा राहायचो, हाक मारून तिला खरं सांगावं की नाही, हे न ठरवता.