मामाच्या भिंतीतलं भोक

माझा मामा लिफ्ट मेकॅनिक. पस्तीस वर्षं त्यानं परक्या इमारतींतल्या लोकांना वर-खाली केलं आणि स्वतः राहिला तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. यावर सगळे हसायचे. मामीचे गुडघे गेले तेव्हा हसणं थांबलं. आठ महिने ती खाली उतरली नव्हती. मागच्या गल्लीत तळमजल्यावरचं एक घर मिळत होतं, पण मालकानं सांगितलं होतं, "महिनाअखेरपर्यंत थांबतो. पुढे नाही." म्हणजे त्याआधी मामाचं घर विकलं जायला हवं होतं.

गिऱ्हाईक भिंतीपलीकडेच होतं. शेजारचे सर घरात शिकवण्या घ्यायचे आणि त्यांना जागा पुरत नव्हती.

"काका, दुसऱ्या कुणाला देऊ नका हं. मधली भिंत काढली की माझा प्रश्न मिटला."

मामा खूश. दलाल नको, घर ओळखीच्या माणसाकडे. त्याच संध्याकाळी घर बघायला आलेल्या नर्सबाईंना त्यानं दारातूनच परत पाठवलं.

"कागद झाला का?" मामीनं विचारलं.

"शेजाऱ्याकडून कसला कागद? वीस वर्षं एकमेकांच्या किल्ल्या सांभाळतोय."

मामाची कामातली एक खोड होती. लिफ्ट सोपवण्याआधी तिचे उरलेसुरले दोष तो वहीत लिहायचा आणि खाली सही घ्यायचा. घराचंही त्यानं तेच केलं. न्हाणीघरातली ओल, खिडकीची न बसणारी कडी, काही सोडलं नाही. सर प्रत्येक दोषाला गंभीरपणे मान डोलवायचे आणि दर डोलण्याला किंमत थोडी उतरवायचे.

शेवटी त्यांनी नवीनच शंका काढली. भिंत काढता येईल ना? मी नुकताच इंजिनिअर झालेलो, विचारायचा अवकाश. नकाशा पाहून छातीठोक सांगितलं, "बिनधास्त काढा. हिच्यावर भार नाहीच."

"दाखवूनच देतो," म्हणत मामानं छिन्नी-हातोडा काढला आणि सरांच्या देखत भिंतीत डोकं जाईल एवढं भोक पाडलं. पलीकडचा फळा दिसायला लागला. सरांनी वाकून पाहिलं, टेप लावून भिंतीची जाडी मोजली.

"छान. विचार करून सांगतो."

हा विचार तीन आठवडे चालला. सर आज उद्या करत राहिले. मधेच नर्सबाई पुन्हा आल्या. भोकातून दहा-बारा पोरं त्यांच्याकडे टकामका बघत होती. बाई म्हणाल्या, "मी रात्रपाळीची माणूस. दिवसा झोपते." गेल्या.

एका दुपारी मामीला भोकातून सरांचं बोलणं ऐकू आलं. ते बायकोला सांगत होते, "घाई कशाला? ते भोक पाहून कोण घेणार आहे? महिना संपू दे, काका स्वतःहून किंमत पाडतील."

संध्याकाळी मामी मामाला एवढंच म्हणाली, "विटा आण."

तीन मजले विटा मी वाहिल्या. मामानं सिमेंट कालवलं. पहिला थर लागताच पलीकडे सरांचा चेहरा उगवला.

"अहो काका, हे काय? आपलं ठरलंय ना!"

"ठरलंय तर कागद आणा."

"सोमवारी नक्की."

"शनिवारी महिना संपतो, सर. तळमजलेवाला तेवढंच थांबतोय. एका विटेची जागा ठेवतो. कागद इथूनच द्या."

शनिवारी मामी सकाळपासून भिंतीसमोर खुर्ची टाकून बसली. संध्याकाळी त्या जागेतून सरांचा हात आत आला. हातात टेप होता.

"काका, जरा तिकडचं टोक धरता? खोलीची लांबी राहिलीय."

मामीनं मामाच्या हातात शेवटची वीट दिली. हात झटकन मागे गेला.

तळमजला गेला. दोन दिवस मामा मला पाहिलं की पाठ फिरवायचा; 'बिनधास्त काढा' मीच म्हणालो होतो. तिसऱ्या दिवशी त्यानं वहीतलं पान फाडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहून दाराला चिकटवलं:

"घर विकणे आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. न्हाणीघरात ओल. खिडकीची कडी बसत नाही. भिंतीला भोक पडले होते, बुजवले आहे. शेजाऱ्यांनी चौकशी करू नये."

मामीनं आतून विचारलं, "त्या नर्सबाईंचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?"

नव्हता. मी चपला घातल्या आणि बाईंना शोधायला पुन्हा तीन मजले उतरलो.