चूक नसलेली साडी

येळ्ळूरच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस विणकरांच्या वडगावात येऊन मागावर बसला, तर गल्ली त्याला मरेपर्यंत पाहुणाच समजते. रवळू अठराव्या वर्षी बसला, आता पन्नाशी ओलांडली. हातमाग सोडून अर्ध्या गल्लीनं पॉवरलूम घेतले, याचा खड्ड्यातला माग हलला नाही. तरी कुणी येऊन "इथं चांगला विणकर कोण?" विचारलं की लोकांचं बोट शेजारच्या नागेंद्रच्या दाराकडं जायचं. नागेंद्रचा बाप विणकर, आजा विणकर. तेवढं पुरेसं होतं.

आणि नागेंद्रचं विणणं म्हणाल तर काय? एका हातानं सुताचा धोटा सोडणार, तोंडानं गप्पा हाणणार. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारणार, मधेच उठून चहा पिऊन येणार. मग काठ कुठं सुताभर आत, कुठं सुताभर बाहेर. पण हुबळीहून गाडी करून आलेली बाई नेमकी तीच साडी मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, "किती जिवंत वाटते हो ही!"

रवळू आपल्या दारात उभा राहून हे ऐकायचा आणि आत येऊन बायकोवर खेकसायचा. "जिवंत म्हणे! माझी काय मेलेली हाय?"

जयाबाई सुताच्या कांड्या भरता भरता म्हणायची, "मला काय विचारताय? त्या बाईला विचारा की."

रवळूची साडी म्हणजे पट्टीनं आखलेली रेघ. पहिल्या वर्षी कुणीतरी त्याच्या कापडाला हात लावून म्हटलं होतं, "नांगर धरायचा हात हा, काठ वाकडाच जाणार." त्या दिवसापासून हा माणूस मागावर बसला की बोलायचा नाही. घरात पाहुणा आला, पोरगं रडलं, वीज गेली, तरी मान वर नाही. एवढ्या वर्षांत काठ केसभर हलला नाही. पण ते बघायला, ओळखायला, दोन शब्द बोलायला माणूस लागतो. तो काही आला नाही.

मग एकदा आला. विणकरांच्या सोसायटीत निरोप आला की बेंगळूरच्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात इथला एक हातमागवाला बसवायचा आहे. एकच. निवडायला सौम्या नावाच्या म्याडम येणार. साड्यांना नुसते नंबर लावायचे, नाव कुठं लिहायचं नाही. रवळूला हे ऐकून चार रात्री झोप नाही. नाव नाही म्हणजे बाप नाही, आजा नाही. नुसतं कापड बोलणार! त्यानं साडी दिली. नंबर सात पडला.

म्याडम तरुण होत्या, कामाला चोख. भिंग घेऊन एकेक साडी बघत गेल्या. सातव्या साडीपाशी थांबल्या. उलटली, परत सुलटली. रवळू खुर्चीच्या टोकाला सरकला.

"ही बाजूला काढा," म्याडम म्हणाल्या. "पॉवरलूमची आहे."

सोसायटीच्या हॉलमध्ये हशा पिकला. कुणीतरी मागून ओरडलं, "कोण रं तो, मशीन लपवून ठेवलेला?"

रवळू खुर्ची पाडून उठला. "माझी हाय ती! ह्या हातांची हाय. कशावरून म्हणता मशीनची?"

"आजोबा, रागावू नका. हिच्यात एकही चूक नाही."

"आजोबा कुणाला म्हणता? आणि चूक न्हाय म्हणून गुन्हेगार व्हय मी?"

सरकारचा न्याय असा असतो. ढिसाळ काम केलंत तर तुम्ही अस्सल, जीव ओतून केलंत तर तुम्ही लबाड. शेवटी म्याडमनी यादीत दोघांना ठेवलं. नंबर तीन पसंत होती, ती निघाली नागेंद्रची. आणि रवळूला आठ दिवस दिले. "गुरुवारी घरी येते. नवीन कापड दाखवा, माग दाखवा. मग ठरवू."

घरी येऊन रवळू जेवला नाही. जयाबाई म्हणाली, "अवो, त्यांना चूकच पायजे तर घाला की चार चुका. काय जातंय?"

काय जातंय ते तिला कसं सांगायचं? पण नागेंद्र बेंगळूरला जाऊन खुर्चीवर बसणार, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. रवळूनं दात आवळले आणि चुका घातल्या. काठ मुद्दाम आत ओढला, मुद्दाम बाहेर सोडला. रोज थोडं थोडं विणून गजभर कापड तयार केलं.

गुरुवारी म्याडम आल्या. मजा बघायला नागेंद्रही दाराला टेकून उभा राहिला. म्याडमनी कापडावर बोटं ठेवली, सरकवली, परत ठेवली.

"चार बोटांवर एक चूक. परत चार बोटांवर एक. यंत्राचा दात मोडला की असंच होतं."

नागेंद्र फिस्सकन हसला.  रवळू सरळ खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला आणि विणायला लागला. पाऊण तास. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. म्याडम वाकून बघत होत्या. काठ दोरीसारखा सरळ उतरत होता.

"मानलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चूक माझी झाली. सात नंबर तुमचीच."

रवळूनं कपाळाचा घाम पुसला.

"पण बेंगळूरला साडीशेजारी तुमचा माग नसणार. तिथलं गिऱ्हाईक मी म्हणाले तेच म्हणेल. सगळ्या स्टॉलचं नाव जाईल. जरा हात मोकळा सोडून विणता येणार नाही का?"

"येतंय की," नागेंद्र दारातून म्हणाला. "मी बसतो जवळ. बोललं की हात आपोआप सुटतोय. चालू दे रं रवळू."

"तू जा तुझ्या घरी."

नागेंद्र आत येऊन पायरीवर बसलाच. "जातो. पण एक सांगू? बायकोला सुद्धा बोललो न्हाय कधी. तुझी साडी सोसायटीत आली की मी उचलून बघतो. एवढी वर्षं बघालोय. कुठंतरी एक चूक सापडंल म्हणून. माझा बाप मरताना म्हणालता, त्या येळ्ळूरच्या पोराकडं बघ जरा. तुझ्यासारखं यावं म्हणून मी महिनाभर तोंड बांधून विणलो रं. न्हाय आलं. लई जळलो बघ तुझ्यावर."

रवळूचा हात सुटला. धोटा वेडावाकडा गेला, सूत सैल पडलं आणि काठ सुताभर बाहेर आला.

"हे!" म्याडम ओरडल्या. "हे हाताचं! असंच विणा, नाव तुमचं लिहिते."

रवळू त्या चुकीकडं बघत बसला. बेंगळूर तिथं होतं, त्या एका सुतात. नागेंद्रच्या तोंडावरचं हसू मावळलं होतं, तेही त्यानं बघितलं. मग त्यानं वाकून बोटांनी ते सूत मागं काढलं. एक, दुसरं, तिसरं. काठ परत सरळ केला.

"त्याचं नाव लिहा," तो म्हणाला.

म्याडम लिहून निघून गेल्या. नागेंद्र मात्र उठेना.

"रवळू, ती सात नंबर दे मला. विकणार न्हाय, बेंगळूरला नुसती टांगतो माझ्या साड्यांच्या बाजूला. तुझं नाव लिहितो. कोण मशीनची म्हणालं तर भांडतो."

"न्हाय."

"अरे पण..."

"न्हाय म्हटलं न्हवं?"

तो गेल्यावर जयाबाई पुढ्यात येऊन उभी राहिली. "एवढं चांगलं बोलला माणूस. द्यायची होती की एक साडी. चार लोकांनी बघितली असती."

रवळूनं मागाखालच्या पावडीवर पाय ठेवला.

"बघितली असती," तो म्हणाला. "दोन्हीला हात लावून बघितलं असतं. आणि त्याचीच घेतली असती."