माळावरचे गुरप्पा

नवी लागवड करायची म्हटली की गुरप्पा आधी खड्डा खणत, त्यात बादलीभर पाणी ओतत आणि ते मुरेपर्यंत शेजारी मांडी घालून बसत. चाकूरजवळच्या आमच्या वाइनच्या द्राक्षबागेचे ते मुकादम. मी कृषी पदवीधर, त्यांचा साहेब. माती परीक्षणाचा अहवाल माझ्या हातात असताना हा माणूस अर्धा दिवस खड्ड्यापाशी घालवतो, याची मला चीड यायची.

खालचं काळंभोर रान सोडून त्यांनी मुरमाड माळावरच वेली लावायला लावल्या. "काळी माती लई लाड करती, सायेब. तिच्यात कापूस लावा. ह्या येलाला माळच पायजे." उन्हात वेली मलूल दिसल्या की माझा जीव खालीवर होई. ते हसत. "लागू द्या की तान. खायाचं द्राक्ष न्हाई हे. मनी बारीक, तेवढा रस घट्ट."

एका वर्षी फेब्रुवारीतच ऊन चढलं. मण्यांत रंग भरला होता, तोडणी दोन आठवड्यांवर होती. मालक पुण्याचे पाहुणे घेऊन येणार, आणि बाग दिसत होती सुतकी. गुरप्पा उदगीरला लेकीकडे गेले होते. मी ठिबक सुरू केलं, चांगलं चार दिवस. बाग टवटवीत झाली, पाहुण्यांनी फोटो काढले, मी मिरवलो.

मणी मात्र फुगले, कितीतरी तडकले. तोडणीच्या दिवशी मालकांनी एक मणी तोंडात टाकला आणि थुंकला. "पाणचट! पाणी कुणी सोडलं?"

माझी नोकरी नवी होती, लग्न ठरलं होतं. ही कारणं लिहितानाही लाज वाटते. मी म्हणालो, "गुरप्पांनी."

ते तिथंच कात्री घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "हाव, मालक. मीच सोडलो."

त्यांची मुकादमी गेली. ते मजुरांच्या ओळीत छाटणी करू लागले, पण मला 'सायेब'च म्हणत. खूप दिवसांनी मी धीर करून विचारलं, असं का केलंत? "तुमी नुकतं मूळ धरून राहिले होते," ते म्हणाले. "उपटलं असतं तुमाला." आणि पुढच्या वेलीकडे वळले.

गेल्या उन्हाळ्यात गुरप्पा गेले. त्यांच्याच रानात, लिंगायत रीतीनं बसवून त्यांना माती दिली. मालकही आले होते. "सोन्यासारखा माणूस," ते म्हणाले. "पाण्याची तेवढी एक चूक सोडली तर."

आता माझ्या नोकरीला धोका नव्हता. मुलं शाळेत जाऊ लागली होती. मी तोंड उघडणार, एवढ्यात गुरप्पांचा थोरला मुलगा हात जोडून पुढं झाला.

"बापाचं तेवढं पोटात घाला, मालक."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.