बापावरचा पोयटा

"ए बाई, हा चिखल उचल. आणि हिला गेटबाहेर काढ."

हिला म्हणजे माझ्या आईला. सांगणारे साहेब समोरच्या टॉवरमधले, रोज सकाळी बागेत चालायला येणारे. मी त्या बागेची झाडूवाली, अंगात ठेकेदाराचा निळा कोट. आणि चिखल म्हणजे आईनं माझ्या बापासाठी आणलेला पोयटा.

नाशिक ओलांडून थोडं खाली गोदावरीचे दोन फाटे होतात. मध्ये आमचं बेट. पंचवटीच्या बाजारात आमची वांगी 'बेटावरची' म्हणून हातोहात खपायची. माणूस गेलं की आम्ही त्याला बेटाच्या खालच्या टोकाला पुरायचो. वर दगड नाही, नाव नाही. पुरात सगळं सपाट व्हायचं. पूर ओसरला की नदीनं आणून टाकलेला मऊ गाळ, म्हणजे पोयटा, पाटीत भरायचा आणि आपल्या माणसावर पसरायचा. पांघरूण घालतात तसा. कोण कुठं निजलंय ते घरोघरच्या बायांना पाठ असायचं.

मग बेट शहरात घेतलं. पूल झाला. आम्हाला आनंदही झाला, खोटं कशाला बोलू? मोजणीवाले आले. त्या टोकाकडं बोट करून त्यांनी विचारलं, ही जागा कुणाची? आमच्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. म्हणाले, "आमची कुठली, साहेब? गंगेची हाय."

नदीकाठच्या जमिनीला 'माझी' म्हणायची आमच्यात रीतच नव्हती. म्हणाल तर नदी घेऊन जाईल, अशी भीती. नदीनं नाही नेली. मोकळी जागा म्हणून शहरानं नेली. वर हिरवळ अंथरली, कडेनं चालायला ट्रॅक केला. त्या हिरवळीखाली माझा बाप आहे. रोज मी त्याच्यावरचा पाचोळा झाडायचे आणि कुणाला काही बोलायचे नाही.

त्या सकाळी आई पाटी घेऊन आली. पूर नुकताच ओसरला होता. तिनं पोयटा पसरला, थोडा ट्रॅकवर सांडला.

"साहेब, हिचा बाप हाय इथं," आई म्हणाली. "एवढं पसरते अन् जाते."

"इथं कुणी नाही. इथं लॉन आहे. शहरात आलात ना, मग शहरासारखं राहा." मग माझ्याकडं वळून, "बघतेस काय? पगार कशाचा घेतेस?"

मी जागची हलले नाही. पण आई खाली बसली आणि दोन्ही हातांनी पोयटा पाटीत परत भरू लागली. नवऱ्याच्या अंगावरून काढत होती. माझी नोकरी राहावी म्हणून. ते बघून माझ्या आत काहीतरी तुटलं, ते अजून जुळलेलं नाही.

मी तिच्या हातातली पाटी घेतली आणि होती तिथंच उपडी केली.

"हा माझा बाप आहे. उचलणार नाही."

साहेब बूट सांभाळत मागं सरकले. मी कोट काढून बाकावर ठेवला. दुपारी ठेकेदाराच्या माणसानं पाइप लावून पोयटा धुऊन काढला. काम गेलं. आई दोन दिवस जेवली नाही. "तू बोलाया नको व्हतं," एवढंच म्हणाली.

आता मी घरोघर जाते. म्हाताऱ्या बायांना त्या टोकाला नेते, कोण कुठं आहे ते विचारते. काहींना आता आठवत नाही. त्या हिरवळीवर उभ्या राहून नुसत्या रडतात. पुढचा पूर ओसरला की आम्ही सगळ्या पाट्या घेऊन जाणार आहोत. पुन्हा कुणी विचारलं ही जागा कुणाची, तर मी हात जोडणार नाही. माझी आहे, म्हणेन.