दुसऱ्या बेसवरचा उजवा हात

जर्मनीत कोलोनच्या एका दैनिकात मी नऊ वर्षं बेसबॉलवर लिहिते आहे. पुण्यातल्या नातेवाईकांना हे सांगितलं की ते आधी 'अगंबाई' म्हणतात आणि मग 'म्हणजे क्रिकेटसारखंच ना?' असं विचारतात. पूर्वी मी समजावून सांगायचे. आता 'हो, तसंच' म्हणते आणि चहा घेते.

हे काम माझ्याकडे आलं तेही असंच. आमच्या क्रीडा संपादकाला फुटबॉल सोडून कशाचंही सोयरसुतक नाही. एका बैठकीत त्याने माझ्याकडे पाहिलं, "तर मग, तू भारतीय. बॅट, चेंडू. गेनाऊ, अगदी बरोबर," असं म्हणाला आणि सोमवारच्या अंकातल्या तीस ओळी माझ्या गळ्यात मारल्या. त्या तीस ओळींसाठी मी नियम शिकले, स्कोअररचा वर्ग केला, परीक्षा दिली. इथल्या छोट्या लीगमध्ये यजमान क्लबने आपला स्कोअरर द्यायचा असतो आणि त्या कामाला कोणी उभं राहत नाही. त्यामुळे बातमीदार मीच आणि स्कोअररही मीच, असा मामला झाला. लहानपणी भावाच्या टीमने मला कधी बॅट दिली नाही, धावा लिहायची वही दिली. त्याचा राग अजून आहे, पण वही लिहायला मी तिथेच शिकले.

गेल्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी संपादकाने सांगितलं, की पानं कमी होणार आणि पहिली कुऱ्हाड बेसबॉलवर पडणार. "ज्याला बेसबॉल कळत नाही त्यानेही वाचावं असं काही आण, मग बघू." मला ते फार लागलं. नऊ वर्षं मी ऊन-पावसात मैदानाच्या कडेला टेबल टाकून बसले होते, आणि या गृहस्थाने त्या तीस ओळी एकदाही शेवटपर्यंत वाचल्या नव्हत्या.

त्या रविवारी आमच्या क्लबचा, म्हणजे ज्याची वही मी लिहिते त्याचा, सामना होता. आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एरवी ट्राम चालवतो. वय एक्केचाळीस, खांदा दुखरा, हा हंगाम शेवटचा असं त्याने बायकोला कबूल केलेलं. त्या दिवशी त्याच्यापुढे कुणाचं काही चालेना. सहा डाव झाले तरी समोरच्या टीमला एकही हिट नाही. म्हणजे स्वतःच्या फटक्यावर त्यांच्यातला एकही जण बेसवर, म्हणजे धावत गाठायच्या टप्प्यावर, पोचला नव्हता. सबंध सामना असा काढला की त्याला नो-हिटर म्हणतात. कित्येकांच्या वाट्याला तो जन्मात येत नाही. आणि तो चालू असताना त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी या खेळातली रीत आहे. पिचरच्या शेजारी बाकावर कुणी बसत नाही, पाणी हवं का असंही विचारत नाही. मीही तोंडाला कुलूप लावलं होतं. मनात मात्र सोमवारचा मथळा कधीच लिहून झाला होता.

सातवा आणि शेवटचा डाव, दोन बाद; तिसरा बाद झाला की सामना संपणार. पुढच्याने चेंडू जमिनीलगत सणसणीत मारला, दुसऱ्या बेसच्या दिशेने. तिथे आमचा इंजिनियर उभा होता. मूळचा चिंचवडचा, इथे गाड्यांच्या कंपनीत, क्लबमध्ये मीच आणलेला. चेंडू झेलायचा चामडी हातमोजा डाव्या हातात असतो आणि चेंडू त्यातच घ्यायचा, हे त्याला दोन वर्षं सगळे शिकवत होते. पण चेंडू त्याच्या उजवीकडून निघाला आणि त्याच्या अंगातलं क्रिकेट जागं झालं. त्याने झेप घेतली ती उघडा उजवा हात पुढे करून. चेंडू बोटांना लागून गवतात गेला आणि फलंदाज पहिल्या बेसवर पोचला.

फटकाच चांगला होता म्हणून हिट, की क्षेत्ररक्षकाने सोपा चेंडू सोडला म्हणून एरर, हे स्कोअररने ठरवायचं असतं. एरर दिला तर नो-हिटर शाबूत, हिट दिला तर गेला. सगळी टीम माझ्या टेबलाकडे पाहू लागली. इंजिनियरने पडल्या पडल्या हात वर केला आणि मराठीत ओरडला, "ताई, एरर द्या. माझीच चूक आहे, लिहून टाका."

त्याने मोजा वापरला नाही हे सगळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यांना ती ढळढळीत चूक वाटत होती. मी मात्र भावाच्या मैदानावर अशा पुष्कळ झेपा पाहिल्या होत्या. मोजा वळवून उजवीकडे न्यायला तेवढा वेळच नव्हता. मोज्याने खेळणाऱ्या कुणालाही तो चेंडू लागला नसता. याला लागला, कारण याने शिकवलेलं सोडून जिवाच्या आकांताने हात घातला. मग तेवढ्यासाठी याच्या नावावर चूक लिहायची? पेन्सिल नुसती धरून बसले, कारण मला एरर हवा होता. फार हवा होता. पिचरसाठी, आणि त्याहून जास्त माझ्यासाठी, हे कबूल करते.

मी हिट लिहिला.

पिचरने टोपी सारखी केली, पुढच्याला तीन चेंडूंत बाद केलं आणि आम्ही सामना जिंकलो. मग तो सरळ माझ्याकडे आला. मी वही मिटायला लागले तर त्याने मध्ये बोट घातलं.

"पहिल्या डावात झालं असतं तरी हेच लिहिलं असतंस?"

"हो."

त्याने पानावरचा समोरच्या टीमच्या हिट्सचा रकाना वरून खाली पाहिला. "मग बाकीची शून्यंही खरी," असं म्हणून तो इंजिनियरची खरचटलेली बोटं बघायला गेला.

संध्याकाळी मी तीस ओळी लिहिल्या. नो-हिटर कसा हुकला, कुणाच्या पेन्सिलीने हुकला, आणि त्या पेन्सिलवालीला मनातून काय हवं होतं, तेही लिहिलं. बेसबॉलची जागा गेली असं धरूनच बातमी पाठवली.

सोमवारी ऑफिसात गेले तर संपादक कॉफीच्या मशीनपाशी उभा. डाव्या हातात स्वयंपाकघरातला ओव्हनचा मोजा. दोन सहकारी त्याच्याकडे संत्रं घरंगळवत होते.

"एरर होता," तो मला म्हणाला. "मोज्याने सहज आला असता."

मी संत्रं घेतलं आणि त्याच्या उजव्या बाजूने जोरात सोडलं. मोजा तिकडे वळेपर्यंत ते प्रिंटरखाली गेलं होतं. तो गुडघ्यांवर बसून ते काढायला लागला आणि तिथूनच त्याने विचारलं, "तो ट्रामवाला पुढच्या रविवारी खेळतोय का?"

नऊ वर्षांत त्याने मला पुढच्या रविवारबद्दल कधी विचारलं नव्हतं.

"ड्युटी आहे," मी म्हणाले, "पण बदलून घेणार आहे."

"जा, मग अंकात जागा ठेवतो," तो म्हणाला आणि संत्रं सोलायला लागला.